गर्भातला मेंदू आणि जनुकांची मनाई

नुकतेच जन्मलेले मूल तळहातावर बोट टेकताच मूठ आवळते, गालाला स्पर्श झाला की त्या बाजूला तोंड वळवते आणि कोणी न शिकवता दूध ओढू लागते. यासाठी लागणारी मेंदूतली जोडणी जन्माआधीच झालेली असते. मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. मेंदूच्या बाहेरच्या, घड्या पडलेल्या थराला कॉर्टेक्स म्हणतात, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या चेतापेशी आईच्या पोटातच तयार होतात.

कोडे आहे ते हिशेबाचे. प्रथिने कशी बनवायची हे सांगणारी माणसाची जनुके साधारण २० हजार. खाचरातल्या भाताच्या रोपात याच्या जवळपास दुप्पट असतात. एवढ्या जनुकांत अब्जावधी चेतापेशींपैकी प्रत्येकीची जागा लिहून ठेवणे अशक्यच. त्यातही यकृताची, कातडीची आणि मेंदूची पेशी यांच्यात जनुकांचा संच एकच असतो. मग एक पेशी यकृतात पित्त करते आणि दुसरी मेंदूत आठवणी साठवण्याच्या कामाला लागते, हे कसे ठरते?

गेल्या शंभर वर्षांत याचे जे उत्तर हाती आले आहे त्यात पुणे आणि मुंबईच्या प्रयोगशाळांचाही वाटा आहे. पेशीचे भवितव्य तिची जागा, तिची वेळ आणि तिचे शेजारी यांवरून ठरते. या घडणीत निर्णायक ठरणारी अनेक जनुके पेशीला काही करायला लावण्यापेक्षा काही होण्यापासून अडवतात.

थर, खोबण आणि नळी

फलनानंतर तिसऱ्या आठवड्यात मानवी भ्रूण म्हणजे पेशींच्या तीन थरांची एक चपटी चकती असते. वरच्या थरातून कातडी आणि चेतासंस्था दोन्ही निघतात. या थराचा मधला पट्टा जाड होतो, त्याच्या मध्यभागी खोबण पडते, दोन्ही कडा उचलल्या जातात आणि पाठीच्या मध्यरेषेवर एकमेकींना मिळतात. अशी जी नळी तयार होते ती चेतानलिका. तिचे पुढचे टोक फुगून मेंदू होतो, मागचा भाग मज्जारज्जू होतो.

नळी मिटण्याचे काम साधारण २२व्या दिवशी सुरू होऊन २८व्या दिवसाच्या सुमारास संपते. पुढचे टोक उघडे राहिले तर मेंदूचा बराचसा भाग आणि कवटी घडतच नाही, आणि असे मूल जगत नाही. मागचा भाग उघडा राहिला तर पाठीच्या कण्यात फट राहते. मूल जगते, पण पायांतले बळ आणि लघवी-शौचावरचा ताबा यांवर परिणाम होऊ शकतो. बिघडल्यास नळी मिटत नाही अशी दोनशेहून अधिक जनुके उंदरांत सापडली आहेत. माणसात मात्र बहुतेक वेळा एकाच जनुकावर बोट ठेवता येत नाही. अनेक जनुकांतले लहान फरक आणि आईच्या शरीरातली कमतरता यांची गाठ पडते.

गिरणगावातून निघालेला धागा

त्या कमतरतांपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाची. त्याचा शोध मुंबईतल्या कामातून सुरू झाला. ल्यूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब घरांतल्या गरोदर बायकांमध्ये एक तीव्र, कधीकधी जीवघेणा पंडुरोग दिसत असे, आणि त्याचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते. परळच्या हाफकिन संस्थेत प्राण्यांवर प्रयोग करून आणि रुग्ण बायकांच्या आहाराची तपासणी करून विल्स यांनी दाखवून दिले की यीस्टचा अर्क दिला की हा पंडुरोग बरा होतो. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्कातला तो घटक बरीच वर्षे ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला जात होता. पुढे तो म्हणजेच फोलेट, हे कळले.

विल्स रक्ताचा आजार शोधत होत्या. मेंदूशी संबंध जुळायला आणखी साठ वर्षे गेली. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत एक चाचणी घेतली. आधीच्या बाळात चेतानलिकेचा दोष आढळलेल्या स्त्रियांना त्यात गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल देण्यात आले. १९९१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. नळी मिटत असताना पेशी अत्यंत वेगाने विभागत असतात. प्रत्येक विभाजनाला डीएनएची नवी प्रत लागते आणि ती घडवण्याच्या साखळीत फोलेट लागते.

यात एक व्यावहारिक अडचण आहे. नळी २८व्या दिवशी मिटते, तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे तोवर कळलेलेही नसते. आशा ताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह-फोलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. पंडुरोगासाठी त्या अत्यावश्यक आहेत, पण चेतानलिकेच्या दृष्टीने तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मूल हवे असे ठरल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे असे सांगितले जाते. आधीच्या गरोदरपणात असा दोष आढळला असेल तर मात्रा याच्या दहापट असते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते.

न्यूटच्या भ्रूणावरचे कलम

वरच्या थराचा मधलाच पट्टा चेतानलिका होतो आणि कडेचा भाग कातडी होतो. हे कोण ठरवते, याचा पहिला धागा जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे मिळाला. हान्स श्पेमान यांच्या प्रयोगशाळेत हिल्डे मांगोल्ड या विद्यार्थिनीने न्यूट या उभयचर प्राण्याच्या भ्रूणावर प्रयोग केले. एका भ्रूणातल्या ठरावीक जागेचा इवलासा तुकडा काढून तिने तो दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. एक जात फिकट, दुसरी गडद, त्यामुळे कोणती पेशी कुठली हे रंगावरून ओळखता येत होते. त्या जागी दुसरे भ्रूण उभे राहिले, स्वतंत्र चेतानलिकेसह.

कोकणात कोय कलम करताना रायवळ आंब्याच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवतात. कलम लागले की वर हापूस वाढतो, खाली खुंट रायवळच राहतो. काडीमुळे खुंटाची जात बदलत नाही. मांगोल्डच्या प्रयोगात नेमके उलटे घडले. दुसऱ्या भ्रूणाची चेतानलिका बहुतांशी यजमानाच्याच पेशींची होती. पोटाची कातडी व्हायच्या त्या पेशी शेजारी आलेल्या तुकड्यामुळे चेतासंस्थेकडे वळल्या होत्या. अशा तुकड्याला ऑर्गनायझर, म्हणजे संघटक, हे नाव मिळाले. शोधनिबंध १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी घरातल्या एका स्फोटात भाजून मांगोल्डचा मृत्यू झाला. श्पेमान यांना १९३५चे नोबेल मिळाले.

हे शास्त्र महाराष्ट्रात रुजले ते पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात. सी. एच. वॉडिंग्टन यांनी पक्ष्यांच्या भ्रूणातही असे संघटक असतात हे दाखवले होते. लीला मुल्हेरकर यांनी १९५०च्या दशकात एडिंबरोत त्यांच्याकडे काम केले आणि कोंबडीच्या भ्रूणावरच्या प्रयोगांची परंपरा पुण्यात सुरू केली. कमी पैशांत चालणाऱ्या प्रयोगशाळेला हा प्राणी फार सोयीचा. अंडे बाजारात मिळते, उबवणी यंत्र साधे असते आणि भ्रूण कवचाबाहेर काढून काचेच्या बशीत वाढवता येते. पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हायड्रापर्यंत मागे नेला. गोड्या पाण्यातल्या या चिमुकल्या प्राण्याला मेंदूच नसतो, चेतापेशींचे विरळ जाळे तेवढे असते. तरी संघटक मात्र असतो. एथेल ब्राउन यांनी १९०९ मध्ये हायड्राच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगावर बसवून तिथे नवा हायड्रा उगवलेला दाखवला होता, म्हणजे मांगोल्डच्याही आधी. इतिहासात तिचे नाव उशिरा आले.

कातडी होण्याचा आदेश अडवणे

संघटक शेजाऱ्यांना नेमके काय सांगतो, हे शोधण्यात अनेक दशके गेली. प्रयोगात एक विचित्र गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. बेडकाच्या भ्रूणातल्या वरच्या थराच्या पेशी एकमेकींपासून सुट्या करून ठेवल्या तर त्या कोणत्याही संघटकाशिवाय चेतापेशींच्या वाटेला लागत. म्हणजे त्यांना त्या वाटेवरून एरवी काहीतरी रोखत होते.

ते काहीतरी म्हणजे बीएमपी नावाची प्रथिने. थरातल्या पेशी ती एकमेकींवर सोडत असतात आणि त्यांच्यामुळे थराची कातडी होते. १९९२ मध्ये अमेरिकेत बर्कली इथे विल्यम स्मिथ आणि रिचर्ड हार्लंड यांनी संघटकातून पाझरणारे नॉगिन हे प्रथिन शोधले. पुढे कॉर्डिन सापडले. दोन्ही प्रथिने बीएमपीला जाऊन चिकटतात आणि त्याला पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. संघटकाजवळच्या पट्ट्याला कातडी होण्याचा आदेश मिळतच नाही, आणि तो चेतानलिकेकडे वळतो. नंतरच्या संशोधनात इतर संकेतांचीही मदत लागते असे दिसले, पण गाभा हाच राहिला.

घासकडबींच्या गटाने हायड्रातले नॉगिनचे जनुक वेगळे केले आणि जपानी सहकाऱ्यांबरोबर त्याचा संदेश बेडकाच्या भ्रूणात टोचला. बेडकाच्या भ्रूणात दुसरा अक्ष उभा राहू लागला. हा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदू नसलेल्या प्राण्याचे प्रथिन पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात मेंदूकडे नेणाऱ्या पहिल्या पायरीवर चालते. जनुकांची ही हत्यारे मेंदूपेक्षा कितीतरी जुनी आहेत, याचा इतका सरळ पुरावा विरळा.

कुलाब्यातली किनार

नळी तयार झाल्यावर तिचे पुढचे टोक फुगते आणि त्याच्या दोन बाजूंना दोन फुगे येतात. हेच पुढे मोठ्या मेंदूचे दोन अर्धगोल होतात. प्रत्येक फुग्याच्या भिंतीत आता नकाशा आखला जायचा असतो. दृष्टी कुठे, स्पर्श कुठे, वास कुठे आणि हिप्पोकॅम्पस कुठे. हिप्पोकॅम्पस हा स्मरणासाठी लागणारा वळलेला भाग. त्याला इजा झाली तर माणसाला जुन्या गोष्टी आठवतात, पण सकाळी कोण भेटले ते दुपारी आठवत नाही.

कॉर्टेक्सच्या अगदी कडेला पेशींची एक अरुंद पट्टी असते. तिला कॉर्टिकल हेम, म्हणजे कॉर्टेक्सची किनार, म्हणतात. शिकागो विद्यापीठात एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या गटाने १९९८ मध्ये या किनारीची ओळख पटवली. तिच्यातून डब्ल्यूएनटी या कुळातले संकेत पाझरतात. त्या निबंधाच्या लेखकांत शुभा टोळे होत्या. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉक्टरेट केलेल्या टोळे १९९९ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. या संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ पासून रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला होता आणि फळमाशीच्या जनुकांवरच्या कामासाठी तो नावाजला होता.

टोळे यांच्या गटाचे लक्ष एलएचएक्स-२ या जनुकाकडे गेले. फळमाशीत याचे भावंड आहे, आणि ते बिघडले की माशीला पंख फुटत नाहीत. अशा माशीत माणसाचे एलएचएक्स-२ घातले तर तिची उणीव भरून निघते, इतके हे जनुक उत्क्रांतीत जसेच्या तसे टिकले आहे. हे नियामक जनुक आहे. त्यापासून बनणारे प्रथिन डीएनएला जाऊन चिकटते आणि इतर जनुके चालू किंवा बंद करते. उंदराच्या भ्रूणात ते कॉर्टेक्सच्या सगळ्या भिंतीत चालू असते, किनारीत मात्र बंद.

हे जनुक पूर्ण काढून टाकले तर भ्रूणाच्या मेंदूची इतकी पडझड होते की कारण आणि परिणाम वेगळे करता येत नाहीत. म्हणून वेगळी युक्ती केली गेली. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या एडविन मोनुकी यांच्या सहकार्याने असे उंदीर तयार केले गेले की ज्यांच्या मेंदूत काही पेशींत एलएचएक्स-२ आहे आणि काहींत नाही, अशी सरमिसळ असेल. जनुक नसलेल्या पेशींनी एकत्र येऊन लहान लहान चकत्या केल्या. मेंदूच्या आतल्या बाजूच्या चकत्या कॉर्टेक्स न होता किनार झाल्या. अशा प्रत्येक चकतीभोवती, जनुक शाबूत असलेल्या शेजारच्या पेशींत, हिप्पोकॅम्पस घडू लागला. एका मेंदूत, नको त्या जागी, अनेक हिप्पोकॅम्पस.

जानेवारी २००८ मध्ये सायन्समध्ये आलेल्या या निबंधाने दोन गोष्टी एकदम सिद्ध केल्या. पहिली, किनार हीच हिप्पोकॅम्पसची संघटक आहे. ती जिथे जाईल तिथे शेजारी हिप्पोकॅम्पस उभा राहतो. दुसरी अधिक अनपेक्षित. कॉर्टेक्सच्या पेशींत किनार होण्याची क्षमता आधीपासून असते आणि एलएचएक्स-२ त्यांना ती वापरू देत नाही. किनार अरुंद राहते ती या मनाईमुळे. टोळे यांना या क्षेत्रातल्या कामासाठी २०१० मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत जागा मिळावी असा हा प्रयोग आहे, आणि तो दूर कुठे न होता कुलाब्यात झाला आहे.

एकच जनुक, तीन वेळा

उंदराचा गर्भकाळ जेमतेम १९-२० दिवसांचा. त्यात एलएचएक्स-२ कोणत्या दिवशी काढले यावर परिणाम अवलंबून असतो, आणि हाच या संशोधनातला सर्वांत शिकवणारा भाग आहे. साडेआठव्या दिवसाच्या सुमारास काढले तर कॉर्टेक्सची किनार होते. साडेदहाव्या दिवसापर्यंत ही वाट बंद झालेली असते. त्या सुमारास काढले तर, कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत डेनिस ओलिअरी यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवल्याप्रमाणे, कॉर्टेक्सच्या बाहेरच्या बाजूचा भाग वासाचे काम करणाऱ्या जुन्या प्रकारच्या कॉर्टेक्सकडे वळतो.

आणखी काही दिवसांनी, हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशी तयार होत असताना, तेच जनुक काढले तर तिसरेच घडते. चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी ते काम थांबवून वेळेआधीच तारकापेशी घडवू लागतात. तारकापेशी म्हणजे चेतापेशींना आधार आणि पोषण देणाऱ्या पेशी. त्या एरवी नंतर जन्माला येतात. उलट एलएचएक्स-२ नेहमीपेक्षा जास्त काळ चालू ठेवले तर चेतापेशींचे उत्पादन लांबते. हे काम टोळे यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केले.

तिन्ही वेळा जनुक तेच, आणि तिन्ही वेळा ते कोणत्या तरी पर्यायाला अडवते. पर्याय बदलतो, कारण तोवर पेशी पुढच्या टप्प्यावर आलेली असते. जनुकांचा संच लहान असूनही मेंदू एवढा गुंतागुंतीचा कसा, या सुरुवातीच्या कोड्याचा मोठा भाग इथे सुटतो. एफओएक्सजी-१ हे दुसरे जनुकही असेच. सर्वांत आधी जन्मणाऱ्या विशिष्ट चेतापेशी पुन्हा पुन्हा घडू नयेत म्हणून ते मूळ पेशींना रोखते, आणि पुढे चेतापेशी व आधारपेशी यांच्यातल्या निवडीतही भाग घेते. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी मुलात तीव्र अपंगत्व येते. त्यावरही मुंबईत काम चालू आहे.

चौकट: आठवड्यांचा हिशेब

इथले आठवडे फलनापासून मोजलेले आहेत. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा दोन आठवड्यांनी जास्त येतो. तिसऱ्या आठवड्यात चेतापट्टा दिसतो, चौथ्यात नळी मिटते, पाचव्यात पुढचे टोक फुगून कप्पे पडतात. सातव्या-आठव्या आठवड्यापासून कॉर्टेक्सच्या चेतापेशी जन्मू लागतात आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक जन्मलेल्या असतात. आवाजाला प्रतिसाद साधारण त्याच सुमारास दिसू लागतो. अभिमन्यूची कथा सांगणाऱ्यांनी महिना सांगितलेला नाही. चौथ्या महिन्यात पोटाला लावलेल्या ध्वनिफितीचा श्रोता मात्र अजून तयार झालेला नसतो. घड्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पडतात.

आतून बाहेर

चेतापेशी जन्मते एका जागी आणि राहते दुसऱ्या जागी. भिंतीच्या आतल्या बाजूला मूळ पेशी असतात. त्यांचे लांब धागे भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठापर्यंत पोहोचलेले असतात. पास्को राकिच यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की नव्या चेतापेशी याच धाग्यांना धरून बाहेर सरकतात. आधी जन्मलेल्या खालच्या थरात थांबतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. त्यामुळे कॉर्टेक्सचे सहा थर आतून बाहेर भरत जातात.

थांबायचे कुठे, याचा संकेत पृष्ठाजवळच्या पेशींकडून रीलिन या प्रथिनाच्या रूपाने मिळतो. या पेशींपैकी बऱ्याचशा वर सांगितलेल्या किनारीतूनच निघून सगळ्या पृष्ठावर पसरलेल्या असतात. एडिंबरोत डग्लस फाल्कनर यांनी १९५१ मध्ये झोकांड्या खात चालणाऱ्या उंदरांचे वर्णन केले होते. त्यांच्यातले बिघडलेले जनुक रीलिनचे आहे, हे कळायला १९९५ उजाडले. त्या उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये थरांचा क्रम उलटापालटा असतो.

माणसात या सरकण्याशी जोडलेले डबलकॉर्टिन हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाकडे एकच एक्स असतो. त्यावरची प्रत बिघडली तर बहुतेक चेतापेशी वाटेतच अडकतात, घड्या पडत नाहीत आणि मेंदू गुळगुळीत राहतो. मुलीकडे दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच चालू राहतो. म्हणून तिच्या मेंदूत काही पेशी वेळेवर वर पोहोचतात आणि उरलेल्या अर्ध्या वाटेवर थांबून कॉर्टेक्सच्या खाली चेतापेशींची दुसरी पट्टी तयार करतात. तपासणीत दोन कॉर्टेक्स एकावर एक असल्यासारखे चित्र दिसते. अशा मुलींना पुढे बहुधा फिट्स येतात.

मेंदूचा आकार कशावर ठरतो

आधी मूळ पेशी स्वतःची संख्या वाढवतात, मग चेतापेशी देऊ लागतात. एका पेशीच्या वीस वेळा दुप्पट झाल्या तर दहा लाखांहून अधिक होतात, एकोणीस वेळा झाल्या तर त्याच्या निम्म्या. दुप्पट होण्याची एक फेरी कमी पडली तरी एवढा फरक पडतो. मूळ पेशीचे विभाजन नेमके मधोमध व्हावे यासाठी लागणारी एएसपीएमसारखी जनुके बिघडली की मूळ पेशी वेळेआधी चेतापेशींत रूपांतरित होऊन संपतात. मेंदू लहान राहतो, डोकेही लहान राहते. एएसपीएमचा हा संबंध २००२ मध्ये उघड झाला.

या प्रकारात आई आणि वडील या दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. दोघे वाहक असतील, म्हणजे स्वतः निरोगी पण एक बिघडलेली प्रत बाळगणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल बाधित असण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्ने होतात तिथे दोघांकडे एकच प्रत असण्याची शक्यता वाढते. मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत हा हिशेब लागू पडतो. अशा घरात एक मूल बाधित असेल तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घेण्यात अर्थ आहे.

झिकाचा विषाणू याच मूळ पेशींवर हल्ला करतो. ब्राझीलमध्ये २०१५ नंतर लहान डोक्याची अनेक मुले जन्मली तेव्हा हे लक्षात आले. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. २०२४ मध्ये पुण्यात आढळलेल्या रुग्णांत गरोदर स्त्रियाही होत्या. जनुक बिघडो की विषाणू शिरो, मार खातात त्या मूळ पेशीच.

उंदराची मर्यादा

उंदरात एएसपीएम बिघडवले तर मेंदू थोडासाच लहान होतो. उंदराच्या मेंदूला घड्याही नसतात. त्यामुळे माणसाबद्दलच्या काही प्रश्नांना उंदीर उत्तर देऊ शकत नाही. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी मानवी मूळ पेशींपासून बशीत मेंदूच्या ऊतीचे मसुराएवढे गोळे वाढवले. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. लहान मेंदू असलेल्या एका रुग्णाच्या पेशींपासून केलेले गोळे लहान राहिले, कारण मूळ पेशी वेळेआधीच संपत होत्या. या गोळ्यांत रक्तवाहिन्या नसतात आणि थरांची रचना अपुरी असते, त्यामुळे त्यांना मेंदू म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. खऱ्या गर्भातल्या मेंदूचा तपशीलवार नकाशा हवाच होता. आयआयटी मद्रासच्या केंद्राने २०२४ मध्ये ‘धारणी’ या नावाने असा नकाशा खुला केला. गर्भाच्या दुसऱ्या तिमाहीतल्या मेंदूंचे ५,१३२ काप त्यात पेशीच्या पातळीवर पाहता येतात.

उंदराकडे मुळीच नसलेली काही जनुकेही माणसाकडे आहेत. एआरएचजीएपी-११बी हे त्यांपैकी एक. जर्मनीत ड्रेस्डेन इथे वीलांड हुटनर यांच्या गटाने २०१५ मध्ये ते उंदराच्या भ्रूणात घातले, तेव्हा मूळ पेशी वाढल्या आणि काही भ्रूणांच्या गुळगुळीत मेंदूवर घडीसारखे वळणही दिसले.

तपासणीत काय दिसते, काय नाही

गरोदरपणात १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान होणारी सोनोग्राफी मेंदूचा आकार, पोकळ्या आणि पाठीचा कणा दाखवते. नळी उघडी राहिल्याचे बहुतेक दोष तेव्हा किंवा त्याआधी कळतात. थरांतला बिघाड मात्र त्या वयात कळणे कठीण, कारण प्रमुख घड्याच नंतर पडतात. गुळगुळीत मेंदूचा संशय अनेकदा सातव्या महिन्याकडे येतो. तेव्हा एमआरआय आणि गर्भजलातल्या पेशींची जनुकीय तपासणी यांनी निदान पक्के करता येते. जनुकीय तपासणीत बदल सापडला तरी मूल किती बाधित असेल हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. एफओएक्सजी-१ मधल्या वेगवेगळ्या बदलांनी येणाऱ्या अपंगत्वाची तीव्रता एकसारखी नसते.

गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत नेली. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे राज्याने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाने ठरवले तर ही मर्यादा लागू होत नाही. उशिरा उघड होणारे मेंदूचे दोष बहुधा या मंडळापुढेच येतात. म्हणून घरात आधी असे मूल जन्मले असेल तर त्या मुलाच्या रक्तावरून जनुकातला बदल आधीच शोधून ठेवणे उपयोगी पडते. पुढच्या गरोदरपणात तोच बदल ११व्या आठवड्यापासून वारेच्या नमुन्यात तपासता येतो आणि घड्या पडण्याची वाट पाहावी लागत नाही.